लाल काडीची रोपं

हळदीकुंकवाला बायका यायला जेमतेम तासभर उरला होता आणि वासंतीबाईंनी मागवलेलं वाण अजून दिल्लीच्या पुढे सरकलं नव्हतं. नाशिकहून निघालेलं स्टीलच्या वाट्यांचं खोकं धुक्यात अडकलेल्या कुठल्याशा ट्रकमध्ये पडून होतं. कुरियरवाल्याला त्यांनी सकाळपासून इतके फोन केले होते की आता तो त्यांना आवाजावरून ओळखायला लागला होता. "माताजी, मौसम साफ होते ही पहुँच जाएगा," तो म्हणाला. वासंतीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या घराचा दिवा दिसत होता, घर दिसत नव्हतं.

चंदीगडला येऊन त्यांना दीड महिना झाला होता. मुलगा प्रसन्न मोहालीच्या एका कंपनीत होता आणि घरी असला तरी कानांवर ते काळे डबे चढवून कंपनीतच असायचा. सून आश्लेषा एका सरकारी संस्थेत केळीवर संशोधन करायची. यजमान राजाभाऊ थंडी सोसत नाही हे कारण पुढे करून नाशिकलाच राहिले होते. परक्या गावात बाईने काय करायचं? मराठी मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात वासंतीबाईंनी ओळखी काढल्या, नंबर घेतले, आणि रथसप्तमीच्या आत हळदीकुंकू ठरवूनसुद्धा टाकलं. पाच जणी येणार होत्या. पाच जणींना रिकाम्या हाती परत पाठवायचं म्हणजे नाशिकला तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

"अरे प्रसन्ना, वाणाचं काय करू?"

प्रसन्नने एका कानावरचा डबा इंचभर सरकवला. "आई, मीटिंग आहे. दे ना घरातलंच काहीतरी."

घरातलं म्हणजे काय, हे शोधत वासंतीबाई मागच्या बाल्कनीत गेल्या आणि तिथेच त्यांचं काम झालं. काचा लावून बंद केलेल्या त्या बाल्कनीत दोन फळ्या होत्या आणि दोन्ही फळ्यांवर पेल्यांमधून वीतभर उंचीची केळीची रोपं ओळीने उभी होती. शुभकार्याला केळ! याहून चांगलं वाण कुणाच्या डोक्यात तरी आलं असतं का?

आता ही रोपं बाल्कनीत कशी, ते सांगायला हवं. संस्थेतल्या काचघराचा हीटर बिघडला होता आणि त्याच्या दुरुस्तीचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर ऊन खात फिरत होता. म्हणून आश्लेषाने साहेबांच्या कानावर घालून रोपं घरी आणली. दहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी दक्षिणेत जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तिने सासूबाईंना बाल्कनीत बोलावून सगळं समजावून सांगितलं होतं.

"आई, ही बुंध्याशी फुटणाऱ्या मुनव्यांपासून लावलेली नाहीत. केळफुलाच्या अगदी आतल्या गाभ्यात तांदळाच्या कणीएवढी फुलं असतात ना, त्यांच्यातून मी पेशी काढल्या आणि काचेच्या चंबूत वाढवल्या."

"पेशी म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या?"

"एकेक दिसत नाही. पण चंबू हलवला की पाण्यात रवा घोळल्यासारखं दिसतं."

"म्हणजे एवढं केळफूल हाताशी असून तू भाजी नाही केलीस?"

"नाही, आई."

"एकदाही?"

"आई, ऐका ना. त्या पेशी मी कडक थंडीत ठेवल्या. बहुतेक मेल्या. ज्या तगल्या, त्यांचीच ही खालच्या फळीवरची सहा रोपं. आमच्या रावेरकडे हिवाळ्यात बाबांच्या केळीला थंडीचा चरका बसतो, पानं पिवळी पडतात, घड बाहेर यायचा थांबतो. थंडी सोसणारी केळ मिळाली तर..." आश्लेषा मध्येच थांबली. तीन वर्षं ती हे वाक्य असंच अर्धवट सोडत आली होती. "पण पेशी तगल्या म्हणून रोप तगेलच असं नाही. ते मी परत आल्यावर तपासायचंय. मार्चला प्रकल्प संपतो, तोवर काहीतरी हातात दिसलं पाहिजे."

"आणि ही वरच्या फळीवरची?"

"ती त्याच जातीची, पण साधी. थंडी न दाखवलेली. तुलनेला दोन पुरेत, बाकीची कुणाला हवी तर देऊन टाका. खालच्यांना मात्र हात लावायचा नाही. एक दिवसाआड चमचाभर पाणी, बास. तुमच्या भरवशावर टाकून जातेय, आई."

या शेवटच्या वाक्याने वासंतीबाईंना भरून आलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली तरी सुनेने इतक्या मोलाची वस्तू कधी त्यांच्या हाती सोपवली नव्हती. मोलाची म्हणजे काय, तर वासंतीबाईंच्या मते आश्लेषाच्या घरात तेवढी एकच होती.

त्यांनी दोन दिवस खरोखरच हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र धुकं फाटून तासभर ऊन आलं आणि ते नेमकं वरच्या फळीवर पडलं. वरच्या जास्तीच्यांनी मजेत ऊन खायचं आणि खालच्या गुणी लेकरांनी अंधारात कुडकुडत बसायचं, हे काही वासंतीबाईंना बघवेना. त्यांनी वरचा ट्रे खाली ठेवला आणि खालचा वर. मग लाडवांचा पाक आठवून त्या स्वयंपाकघरात धावल्या आणि पाकाच्या नादात ट्रेंची अदलाबदल पार विसरून गेल्या.

तर हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांनी सुनेचा शब्द अक्षरशः पाळला. वरच्या फळीवरचीच रोपं घेतली. पेल्यांच्या कडेला खोचलेल्या लाल काड्या त्यांना काही बऱ्या दिसेनात, म्हणून त्या उपटून वाटीत ठेवल्या. प्रत्येक पेल्याला हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट लावलं. बायका खूश झाल्या. लष्करी अधिकाऱ्याची बायको मधुरिमा, हिचं घर चंडीमंदिरच्या छावणीत, ती म्हणाली, "काकू, इतकं क्यूट वाण मला आजवर कुणी दिलं नव्हतं." तिच्याबरोबर आलेली एअर फोर्सवाली स्मिता म्हणाली, "नाहीतर दर वर्षी प्लास्टिकचे डबे." मोहालीची यामिनी आपल्या अक्षरा नावाच्या मुलीला घेऊन आली होती. अक्षराने रोपाला लगेच 'चिंटू' असं नाव ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण हरप्रीतजींनी रोप डोक्याला लावलं. शेवटी आली उल्का. मूळची कराडची, इंडस्ट्रियल एरियातल्या एका शोरूममध्ये हिशेब बघणारी, सेक्टर बावीसला गच्चीवरच्या खोलीत एकटीच राहणारी. ती आली घाईत, लाडू खाल्ला घाईत, आणि रोप घेऊन गेलीही घाईतच. जाताना ओढणी विसरली, ती घ्यायला परत आली, तेव्हा रोप जिन्यात विसरली.

सहावं रोप उरलं. एकटं राहिलं बिचारं, म्हणून वासंतीबाईंनी ते देवघराशेजारी आणलं, सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी घातलं आणि रात्री आपली शाल त्याच्याभोवती गुंडाळली. खाली राहिलेल्या ट्रेला मात्र त्या अगदी सुनेने सांगितल्याप्रमाणे एक दिवसाआड चमचाभर पाणी घालत होत्या.

पुढच्या शनिवारी प्रसन्नला सुट्टी होती आणि उन्हालाही वेळ मिळाला होता. खुर्ची घेऊन तो बाल्कनीत बसला, आणि थोड्या वेळाने त्याने कानांवरचे दोन्ही डबे काढले. हे इतकं क्वचित घडायचं की वासंतीबाई पोळी तव्यावर टाकून बाहेर आल्या.

"आई, या वाटीत लाल काड्या कशाला?"

"त्या होय? वाणाच्या रोपांच्या. काही शोभत नव्हत्या."

"आई, आश्लेषाने मला आख्खा रविवार बसवून त्या काड्या रंगवून घेतल्यात. साध्यांना निळ्या. थंडीवाल्यांना लाल."

वासंतीबाईंनी खालच्या फळीवर पाहिलं. एकजात निळ्या काड्या. मग त्यांना ऊन आठवलं, ट्रे आठवला, लाडवांचा पाक आठवला. आतून पोळी करपल्याचा वास यायला लागला, पण आज त्याची दखल घ्यायला दोघांनाही सवड नव्हती.

"आश्लेषा परवा संध्याकाळी येतेय," प्रसन्न म्हणाला. "परत मागून घेऊ या. सोपं आहे."

"सोपं?" वासंतीबाई कडाडल्या. "दिलेलं वाण परत मागायचं? अरे, उद्या मला कुणी दारात उभं करेल का?"

प्रसन्नने डोकं खाजवलं. "मग परत मागू नकोस. बदलून दे. रिफंड नाही, नुसतं एक्स्चेंज. हळदीकुंकू लावलेलं आण, निळ्या काडीचं ठेव."

वासंतीबाईंना मुलाला इतकं शिकवल्याचं पहिल्यांदाच सार्थक वाटलं. निळ्या काड्या काढून सगळी साधी रोपं पिशवीत घालून दोघं निघाली.

पहिली पायरी खालच्याच मजल्यावर होती. हरप्रीतजींनी दार उघडलं ते हात जोडूनच. "आंटी जी, मैं तां तुहाडे कोल ही आउण वाली सी." आपणच तुमच्याकडे येणार होतो, असं सांगत त्यांनी आत नेलं. खोलीत कोळशांची अंगीठी होती आणि तिच्या अगदी कुशीत, छोट्या पाटावर, रोप होतं. होतं म्हणजे त्याचा पापड झाला होता. "ठंड बहुत सी ना जी," हरप्रीतजी डोळे पुसत म्हणाल्या, "मैं सोचया बच्चे नूं सेक मिल जावे." वासंतीबाईंना शब्द न शब्द कळला नाही, पण अर्थ पुरेपूर कळला. त्यांनी साधं रोप पुढे केलं, तर हरप्रीतजींनी त्यांना मिठी मारली, बसवून घेतलं आणि मक्याची रोटी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही.

छावणीत मधुरिमाने रोप पितळी कुंडीत हलवून बैठकीच्या खोलीत हीटरसमोर ठेवलं होतं. "काकू, ट्वेंटी फोर अवर्स ऑन ठेवते," ती अभिमानाने म्हणाली. "फक्त थोडं ड्राय वाटतंय." पानाला बोट लावलं तर त्याचा चुरा झाला. कुंकू लावलेला पेला तिने जपून ठेवला होता. वासंतीबाईंनी तिला साधं रोप देऊन पेल्यासकट तो चुरा पिशवीत घातला.

स्मिताच्या दारावर तर कुलूपच होतं. फोन लावला. "काकू, पोस्टिंग आली ना, आसामला. सामान कालच ट्रकने गेलं." वासंतीबाईंनी जीव मुठीत धरून विचारलं, "आणि वाण?" स्मिता म्हणाली, "ते कसं विसरेन? कपाटात मधल्या कप्प्यात नीट ठेवलंय. कुलूप लावून." प्रसन्नने फोन कानाला लावून ट्रक कुठवर पोचला विचारलं, पण धुक्यामुळे ते ट्रकलाही ठाऊक नव्हतं.

मोहालीला यामिनीच्या घरी दुसरीच अडचण उभी राहिली. चिंटू अक्षराच्या बाहुलीच्या पलंगावर झोपला होता आणि खोलीत नासलेल्या दुधाचा वास होता.

"बाळा, हे रोप मी नेऊ? तुला दुसरं देते."

"नहीं दादी, चिंटू बीमार है," अक्षरा म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. "मैं उसको रोज़ मिल्क देती हूँ. स्ट्राँग बनेगा ना."

"रोज?"

"दो टाइम. रात को हल्दीवाला."

यामिनीने कपाळाला हात लावला. शेवटी चिंटूला दवाखान्यात न्यायचं आहे आणि तोवर त्याचा भाऊ पिंटू इथे राहील, अशी तडजोड झाली. पिंटूला दूध द्यायचं नाही, हे वासंतीबाईंनी अक्षराकडून तीनदा वदवून घेतलं.

घरी येईपर्यंत देवघराशेजारच्या सहाव्या रोपानेही मान टाकली होती. शाल बाजूला केली तर बुंधा बोटाखाली पचकन दबला. आठवडाभर दोन वेळा कोमट पाणी पिऊन ते मुळापासून कुजलं होतं. त्या रात्री वासंतीबाई जेवल्या नाहीत. सुनेने हातावर ठेवलेली तीन वर्षं त्यांनी मायेपोटी वाटून, भाजून आणि कुजवून टाकली होती. आता एकच आशा होती, उल्का. तिला फोन केला तर तिने आधी "कुठलं रोप?" असं विचारलं आणि मग भलत्याच उत्साहाने म्हणाली, "झकास आहे ओ काकू! आतच ठेवलंय, एकदम उबेत. पण आज नका येऊ, उद्या दुपारी या. पक्का."

रविवारी दुपारी सेक्टर बावीसच्या बाजारातून वाट काढत, एका शिवणकामाच्या दुकानाशेजारचा अंधारा जिना चढून मायलेक वर पोचली. उल्का दारातच उभी होती. तिच्या मागे, खोलीच्या मधोमध, तिच्या खांद्याला लागेल एवढं केळीचं झाड होतं.

"हे... हे ते?" वासंतीबाईंनी विचारलं.

"व्हय ओ काकू. लई वाढलं की."

"आठवड्याभरात?"

"हवा मानवली असेल इथली," उल्का म्हणाली आणि तिने डोळे दुसरीकडे वळवले.

प्रसन्न काहीतरी बोलणार होता, पण आईचा चेहरा बघून त्याने तोंड मिटलं. वासंतीबाई त्या झाडाला हात लावत होत्या, उल्काच्या तोंडावरून हात फिरवत होत्या आणि रडत होत्या. "पोरी, तुझ्या हाताला काय गुण आहे गं! माझी लाज राखलीस तू." उल्काचा चेहरा इतका पांढराफटक का पडला, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बदल्यात एक साधं रोप तिच्या हातात ठेवून, झाड रिक्षात आडवं घालून, दोन्ही बाजूंनी शेंडे आणि मुळं सांभाळत मायलेक घरी आली.

सोमवारी संध्याकाळी आश्लेषा आली. तिने बॅग ठेवली, हात धुतले आणि सवयीने आधी बाल्कनीत गेली. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर वासंतीबाईंनी एकेक ओळीत मांडलं होतं: पापड, चुरा, चिंटू, कुजलेलं. शेजारी ते ऐटबाज झाड. वासंतीबाईंनी पदराचं टोक मुठीत धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. ऊन सांगितलं, पाकही सांगितला. "पण हे एक वाचलंय बघ," त्या शेवटी म्हणाल्या. "उल्काने वाचवलं."

आश्लेषाने झाडाकडे पाहिलं, बुंध्याशी वाकून पाहिलं. "आई," ती हळूच म्हणाली, "हे नर्सरीतलं आहे. सहा महिन्यांचं तरी असेल. जातसुद्धा वेगळी आहे."

मग ती तिथेच, त्या वर्तमानपत्राशेजारी बसली. ओरडली नाही, रडली नाही. चिंटूचा कलंडलेला पेला सरळ केला आणि म्हणाली, "चहा टाकू का, आई?"

वासंतीबाईंना वाटलं, हिने भांडं आपटलं असतं तरी परवडलं असतं. "अगं, मला बोल. चार शब्द बोल."

"काय बोलू? चंबूत पेशी आहेत अजून, रोपं पुन्हा होतील. पण मार्चच्या आत नाही होणार. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत? सगळ्यांनी जीवच लावला बिचाऱ्यांना."

तेवढ्यात बेल वाजली. प्रसन्नने दार उघडलं. कुरियरवाला दात काढून उभा होता. "माताजी, मौसम साफ हो गया!" त्याने स्टीलच्या वाट्यांचं खोकं आत सरकवलं. वासंतीबाईंना ते खोकं तस्संच त्याच्या डोक्यावर ठेवून परत नाशिकला पाठवावंसं वाटलं.

तो वळतो न वळतो तोच पुन्हा बेल वाजली. दारात उल्का होती, दोन्ही हातांत दोन पेले घेऊन. रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"काकू, मी खोटं बोलले. ते झाड मी विकत आणलं."

"कळलं गं आम्हाला," वासंतीबाई म्हणाल्या. रागवायलाही त्यांच्यात त्राण उरलं नव्हतं.

"हळदीकुंकवाच्या दिवशी घरी गेले, किल्ली शोधायला पेला गच्चीवर टाकीच्या कट्ट्यावर ठेवला, तेवढ्यात फोन आला आणि तो तिथंच राहिला. आठवडाभर राहिला ओ! तुमचा फोन आल्यावर एकदम आठवलं. सकाळी दारातनं बघितलं तर पेल्यावर दव गोठून सगळं पांढरं पडलेलं. मेलंच असणार म्हणून जवळ जायची हिंमत झाली नाही. मग काल तुम्ही दुसरं दिलंत. म्हटलं, हे तरी आत नेऊ. पण तुम्हाला खाली सोडून आले, किल्ली शोधताना ते बी त्याच कट्ट्याच्या टोकाला ठेवलं आणि विसरले." तिने दोन्ही पेल्यांकडे पाहिलं. "आज सकाळी कपडे वाळत घालायला गेले, तर हे असं."

तिने पेले पुढे केले. एका पेल्यात काळपट, लोळागोळा झालेलं काहीतरी होतं. दुसऱ्या पेल्याला हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट होतं, आणि आत वीतभर रोप ताठ उभं होतं. एका पानाची कड करपली होती, पण मधून नवं पान सुरळीसारखं वर येत होतं.

आश्लेषा उठली. तिने कुंकवाचा पेला हातात घेऊन दिव्याखाली धरला. "हे गच्चीवर होतं? उघड्यावर?"

"माफ करा ओ ताई."

"वर काही झाकलं होतंस? पोतं, पुठ्ठा, काही?"

उल्काला वाटलं, आपला गुन्हा जरा हलका करायची हीच वेळ आहे. "हां, म्हणजे... एकदा पुठ्ठा ठेवला होता बहुतेक."

"पुठ्ठा ठेवलास?" आश्लेषा किंचाळली. "कशाला ठेवलास?"

"नाही नाही! नव्हता ठेवला! उगाच म्हटलं ओ!"

"खरं सांग, उल्का. हात जोडते तुला. पाणी घातलंस? एकदा तरी? कोमट?"

"थेंब नाही, ताई. आईशप्पथ."

"बघायला तरी गेलीस?"

"नाही."

"त्याची आठवण तरी झाली?"

"अजिबात नाही," उल्का रडत म्हणाली.

"अगं, माझी सोन्यासारखी बाई!" आश्लेषाने तिला घट्ट मिठी मारली, पेल्यांसकट. काळं रोप सगळं उल्काच्या स्वेटरला लागलं, पण त्याची फिकीर तिथे कुणालाच नव्हती. "दोन्ही एकाच कट्ट्यावर? एकाच रात्री? हे साधं एका रात्रीत गेलं, आणि हे आठवडाभर गोठल्या दवात उभं राहिलं? प्रसन्न, आज पहाटे किती उतरला होता पारा, बघ!"

प्रसन्नने फोनमध्ये बघून आकडा सांगितला. आश्लेषा खुर्ची ओढून बसली आणि आता मात्र तिला रडू फुटलं. वासंतीबाई घाबरल्या.

"काय झालं गं?"

"काही नाही, आई. एका रोपावर शास्त्र उभं राहत नाही. पुन्हा करावं लागेल, पन्नास रोपांवर, मोजूनमापून. पण मुदतवाढ मागायला तोंड मिळालं मला." तिने डोळे पुसले. "रावेरला बाबांना फोन करते."

वासंतीबाईंना शास्त्रातलं सगळं कळलं नाही, पण सुनेचं ते अर्धवट वाक्य आज थोडं पुढे सरकलं, एवढं कळलं. देवापुढे हात जोडून त्या आल्या, त्या हळदीकुंकवाचा करंडा घेऊनच. उल्काला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, हातावर लाडू ठेवला. "पोरी, तुझे उपकार कसे फेडू? तू जराशी जरी नीटनेटकी असतीस, तर आज आमचं काही खरं नव्हतं." उल्काला हे कौतुक आहे की बोलणं, ते ठरवता येईना. तिने दोन्ही समजून वाकून नमस्कार केला.

"उल्का," आश्लेषा म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यात मी तुझ्या गच्चीवर रोपं ठेवली तर चालतील? मालकांची आणि साहेबांची परवानगी मी काढते. तू फक्त काहीच करायचं नाहीस. बघायचंसुद्धा नाही."

"ते जमेल, ताई," उल्का पहिल्यांदाच हसली. "पक्का."

"आणि मी?" वासंतीबाईंनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "मी आता रोपांच्या जवळ नको ना यायला?"

आश्लेषा उठली आणि तिने ते नर्सरीतलं झाड ओढत सासूबाईंसमोर आणून ठेवलं. "ही केळ तुमची, आई. हिला कोमट पाणी घाला, शाल गुंडाळा, काय हवे ते लाड करा."

"हिला केळफूल येईल?"

"येईल की."

"आणि ते तू चंबूत नाही ना घालणार?"

"नाही. भाजी करू. मी निवडायला बसेन तुमच्याबरोबर."

वासंतीबाईंनी सुनेचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग त्यांना खोकं आठवलं. त्यांनी ते फोडलं, त्यातली सगळ्यात लखलखीत वाटी निवडली आणि उल्काच्या हातात ठेवली. "हे खरं वाण. जपून ने हो."

"डोळ्यात तेल घालून नेते, काकू," उल्का म्हणाली. तिने चपला घातल्या, फोन वाजला तो कानाला लावला, आणि बोलत बोलत धडाधड जिना उतरून गेली.

वासंतीबाई दार लावायला गेल्या, तर चपलांच्या रॅकवर वाटी चमकत होती. त्या जिन्याशी धावल्या आणि हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आश्लेषाने मागून येऊन त्यांचा हात धरला.

"नको, आई. तिला उगाच आठवण ठेवायची सवय लावू नका."